सांगलीत मिळणारं १२ व्होल्टचं झेनर किट: घ्या, पण हे बदल करून

सांगली-मिरजेत डिप्लोमाच्या मुलांच्या प्रोजेक्टसाठी पॉवर सप्लायचं एक सुटं किट विकलं जातं. पाकिटावर '१२ व्होल्ट, १ अ‍ॅम्पिअर' असं छापलेलं. आत पीसीबी, एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजचे चार डायोड, १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर, ४७० ओहमचा रेझिस्टर, १३ व्होल्टचा १एन४७४३ झेनर (उलटा जोडला की ठराविक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड), २एन३०५५ ट्रान्झिस्टर (बेस, एमिटर आणि कलेक्टर ही त्याची तीन टोकं) आणि अ‍ॅल्युमिनियमची छोटी पट्टी (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक म्हणून). १५ व्होल्ट २ अ‍ॅम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यायचा.

किटमागची कल्पना बरोबर आहे. नुसता झेनर लावला तर लोड काढल्यावर सगळा करंट त्याच्याच अंगावर येतो. १ वॅटच्या १३ व्होल्ट झेनरची मजल ७५ मिलिअ‍ॅम्पिअरच्या आसपास संपते, त्यामुळे लोडलाही त्याहून कमीच मिळतो. इथे झेनर फक्त बेस १३ व्होल्टवर धरून ठेवतो, लोडचा करंट ३०५५ पुरवतो. बेस-एमिटरमध्ये ०.७ व्होल्ट जातात, म्हणून १२ चा नाही तर १३ चा झेनर. झेनरला समांतर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही दिलाय, त्याने हम (सप्लायची घरघर) चांगली दबते.

पण १ अ‍ॅम्पिअर हे किट देत नाही. ३०५५ चा गेन (बेसच्या करंटच्या किती पट करंट तो पुढे देतो) १ अ‍ॅम्पिअरला ५० धरला तरी बेसला २० मिलिअ‍ॅम्पिअर हवेत. ४७० ओहममधून येतात जेमतेम १०. साधारण अर्ध्या अ‍ॅम्पिअरला झेनरच्या वाट्याला काही उरत नाही आणि आउटपुट घसरायला लागतं.

यावर बरेच जण रेझिस्टर १२० ओहमचा टाकतात. ते करू नका. घरची लाइन २४० व्होल्टच्या वर गेली आणि लोड नसला की झेनरमधून ७५ मिलिअ‍ॅम्पिअर वाहतात, म्हणजे जवळजवळ १ वॅट. पाव वॅटचा रेझिस्टर तर आधीच काळा पडतो, कारण त्यावर पाऊण वॅटपर्यंत येतं. खरा उपाय म्हणजे ३०५५ च्या पुढे एक बीडी१३९ ट्रान्झिस्टर जोडणं. दोघांचे कलेक्टर एकत्र, १३९ चा एमिटर ३०५५ च्या बेसला, ३०५५ च्या बेस-एमिटरमध्ये १ किलोओहम. आता झेनरकडून १ मिलिअ‍ॅम्पिअरही पुरतो आणि ४७० ओहम तसाच राहतो. दोन जंक्शनमध्ये १.३ व्होल्ट जातात, ते भरून काढायला झेनर आणि ग्राउंडच्या मध्ये एक १एन४००७ डायोड सरळ दिशेने टाका, डायोडवर रंगवलेली पट्टी ग्राउंडकडे. आउटपुट १२.३ च्या आसपास येतं.

दुसरा बदल कपॅसिटरचा. १ अ‍ॅम्पिअरला १००० मायक्रोफॅरडवर ७-८ व्होल्टचा रिपल (डीसीतला चढ-उतार) येतो. खालच्या टोकाला रेग्युलेटरला पुरेसा व्होल्टेज उरतच नाही आणि स्पीकरमधून १०० हर्ट्झची घूं ऐकू येते. ४७०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा घ्या. २५ व्होल्टचा नकोच, लाइन चढली की लोड नसताना तो अगदी काठावर असतो. शेतीपंपांच्या लाइनवर जिथे व्होल्टेज दोनशेच्या खाली जातं, तिथे १८ व्होल्टचाच ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याला काही पर्याय नाही.

हीटसिंकच्या पट्टीबद्दल एकच: ती टाकून द्या. १ अ‍ॅम्पिअरला साडेसहा वॅटच्या आसपास उष्णता निघते, १८ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर दहा. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत पात्यांचा (फिनचा), चांगल्या आकाराचा हीटसिंक हवा. ३०५५ ची बॉडी म्हणजेच कलेक्टर, म्हणून मधे अभ्रकाची चकती, दोन्ही बाजूंना हीटसिंक कंपाउंड, स्क्रूंना प्लास्टिकचे बुश. कसून झाल्यावर बॉडी आणि हीटसिंकमध्ये मीटरची बीप वाजता कामा नये.

झेनर लावण्याआधी तपासा. १२ आणि १३ व्होल्टचे दिसायला सारखेच, डब्यात मिसळतात. १८ व्होल्ट डीसीवर १ किलोओहममधून उलटा जोडा आणि दोन टोकांवर मोजा. १३ च्या जवळ आलं तर ठीक.

फक्त १ अ‍ॅम्पिअरचा सप्लाय हवा असेल तर ७८१२ (१२ व्होल्टचा तयार रेग्युलेटर आयसी) घेणं जास्त शहाणपणाचं. त्यात करंट लिमिट आणि गरम झाल्यावर बंद होण्याची सोय आतच असते. शिकायचं असेल, किंवा पुढे दीड-दोन अ‍ॅम्पिअरपर्यंत जायचं असेल, तर हे किट तीनशेच्या आत उत्तम आहे. दोन अ‍ॅम्पिअरसाठी मात्र ट्रान्सफॉर्मर, डायोड, कपॅसिटर आणि हीटसिंक सगळंच वाढवावं लागेल. आणि शॉर्ट झाल्यास यात कुठलंही संरक्षण नाही. कलेक्टरच्या आधी फास्ट फ्यूज टाका. तो ट्रान्सफॉर्मर वाचवेल, ट्रान्झिस्टर वाचेलच असं नाही.