गॅस ड्रायरचं कॉइल किट २७९८३४ : आधी इग्नायटर बघा, मगच मागवा

ड्रायर लावला की पहिली काही मिनिटं छान गरम हवा येते. मग ड्रम फिरत राहतो, हवा मात्र गार, आणि तासाभराने काढलेले कपडे दमटच. थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा लावला तरी तोच प्रकार. गॅसच्या ड्रायरची ही तक्रार असेल तर पहिला संशय गॅस व्हॉल्व्हवरच्या कॉइलवर घ्यावा. व्हर्लपूलचं २७९८३४ हे किट नेमकं त्यासाठीच आहे. आत दोनच कॉइल असतात, एक तीन टोकांची आणि एक दोन टोकांची. स्क्रू जुनेच वापरायचे.

किट चांगलं आहे, पण ते एकाच दुखण्यावरचं औषध आहे. ते दुखणं ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही, डोळे पुरतात. खालची पट्टी निघत असेल तर ती काढून बर्नरकडे बघा. पुढचा पूर्ण पत्रा काढावा लागणारी मॉडेलं तशी उघडी चालवू नका, कारण बऱ्याच मशीनमध्ये ड्रम त्याच पत्र्यावर टेकलेला असतो. बर्नरला बघायचं भोक असेल तर त्यातून बघा.

सगळं ठीक असतं तेव्हा क्रम असा असतो. इग्नायटर, म्हणजे गॅस पेटवणारी विजेवर तापणारी कांडी, तापून लालसर, मग पिवळट पांढरा होतो. त्याच्या शेजारचा सेन्सर ती उष्णता ओळखून आपला संपर्क तोडतो, ‘टक्’ असा आवाज येतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि निळी ज्योत भस्सकन पेट घेते. कॉइल बिघडलेली असेल तर पहिल्या वेळी हे सगळं बिनबोभाट होतं. थर्मोस्टॅटने ज्योत बंद केल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मात्र इग्नायटर तापतो, टक् होतं, इग्नायटर विझतो आणि ज्योत येतच नाही. सेन्सर गार झाला की इग्नायटर पुन्हा तापतो, पुन्हा विझतो. हे चक्र दिसलं की किट मागवायला हरकत नाही.

कारण साधं आहे. कॉइलमध्ये केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. तार कुठेतरी कमजोर झालेली असली तर गार असताना काम भागतं, पण बर्नरच्या धगीने कॉइल तापली की जोड सुटतो आणि व्हॉल्व्ह उचलण्याइतकं चुंबकत्व उरत नाही. म्हणूनच तारेचा विद्युतरोध मोजणारा मल्टिमीटर इथे फसवतो. गार कॉइलवर तीन टोकांच्या कॉइलमध्ये १ आणि २ दरम्यान सुमारे १३६५ ओहम, १ आणि ३ दरम्यान ५६० ओहम, आणि दोन टोकांच्या कॉइलमध्ये सुमारे १२२० ओहम असं अगदी बरोबर माप मिळू शकतं, तरी तीच कॉइल तापल्यावर दगा देते. मोजायचंच असेल तर ज्योत यायची थांबल्याबरोबर प्लग काढून लगेच मोजा. माप फार चुकलं तर कॉइल गेलेली आहे हे नक्की. बरोबर आलं म्हणून ती चांगली असं मात्र धरू नका.

आता किट ज्याला लागू पडत नाही ते. इग्नायटर सतत तापलेलाच राहतो आणि ज्योत येत नाही, तर सेन्सर अडकलेला असतो. इग्नायटर तापतच नाही, तर इग्नायटर, सेन्सर किंवा थर्मल फ्यूज (फार तापल्यावर वीज तोडणारा फ्यूज) तपासा. ज्योत नीट पेटते, पण थोड्याच वेळात जाते आणि मग बराच वेळ इग्नायटरही तापत नाही, तर हाय-लिमिट थर्मोस्टॅट, म्हणजे फार तापल्यावर बर्नर बंद करणारा सुरक्षेचा स्विच, वीज तोडतोय, म्हणजे हवा अडलेली आहे. कारण असतं हवा बाहेर नेणारी, लव साठलेली नळी, तिचं चेपलेलं वळण किंवा बाहेरच्या टोकाची न उघडणारी झडप. या अवस्थेत नव्या कॉइल बसवणं म्हणजे पैसे वाया. आणि इथे एक सूचना कळकळीने: ‘मागची नळी काढून चालवून बघा’ हा सल्ला विजेच्या ड्रायरसाठी असतो. गॅसच्या ड्रायरच्या नळीतून ज्वलनाचे वायू जातात, त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. तो खोलीत सोडू नका. बाहेरच्या झडपेपाशी हात धरून हवेचा जोर बघा.

बसवायला अर्धा तास पुरतो. प्लग काढा, गॅसची चावी पाइपाला आडवी करा. बर्नर नुकताच चाललेला असेल तर गार होऊ द्या. कॉइलवरचा कंस, म्हणजे तिला जागी धरणारा पत्रा, दोन स्क्रूंनी धरलेला असतो. कनेक्टर वायर ओढून काढू नका, खाच दाबून प्लास्टिकलाच धरून काढा. उष्णतेने ते ठिसूळ झालेलं असतं. कॉइल व्हॉल्व्हच्या बंद नळकांडीवरून नुसती वर सरकून येते, गॅसची वाट उघडत नाही. त्यामुळे गॅसची जोडणी सोडावी लागत नाही, ही या कामातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट. दोन्ही कॉइल एकदमच बदला. एक गेली की तितकीच तापलेली दुसरी फार मागे नसते. टोकांची संख्या वेगळी असल्याने कनेक्टरची अदलाबदल होत नाही. कॉइलवरची छोटी खुंटी कंसाच्या भोकात बसली की नाही ते मात्र बघा. न बसवता स्क्रू आवळला तर कंस तिरका राहतो. या सगळ्यात इग्नायटरला धक्का लागू देऊ नका, तो काचेसारखा मोडतो.

उणीव सांगायची तर मॉडेलची जुळणी. व्हर्लपूलच्या आणि त्यांनी बनवलेल्या इतर नावांच्या बऱ्याच ड्रायरना हे किट चालतं, पण मॉडेल क्रमांकाने खात्री केल्याशिवाय घेऊ नका. इतर कंपन्यांनी बनवलेली, हाच क्रमांक लावलेली किटंही मिळतात. ती घेतलीत तर बसवण्याआधी वरची तिन्ही मापं घ्या आणि कनेक्टर घट्ट बसतो का ते बघा.

बसवल्यावर गॅसचा वास येत नाही हे पाहून ड्रायर ओल्या कपड्यांसह लावा आणि किमान तीनदा ज्योत पेटताना बघा. पहिली ज्योत जुन्या कॉइलवरही येत होती, त्यामुळे पट्टी लावायची ती तिसऱ्या ज्योतीनंतर.