ओल, भुंगा आणि साडेसहा हजारांची तपासणी

जुनी घरं विकत घ्यायच्या आधी तपासून देणाऱ्या एका जोडीचा हा अनुभव. फोंडा तालुक्यातल्या सावईवेऱ्याचं घर आम्ही पहिल्यांदा पाहिलं ते एप्रिलमध्ये. एप्रिलमध्ये गोव्यातलं कुठलंही घर ठणठणीत कोरडं दिसतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मागे कुळागर (पोफळी-माडांची बाग), पुढे तुळशीवृंदावन, मधे राजांगण (घरातला उघडा चौक), दाराच्या चौकटीवर १९३८ कोरलेलं. भिंतींना नुकताच पिवळा डिस्टेंपर मारलेला. मालक मुंबईला, चावी शेजारच्या काकींकडे, मागणी बासष्ट लाखांची. आमच्या ह्यांनी तर चवथीचा गणपती कुठं बसवायचा तेही ठरवून टाकलं. गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगतात ती माटोळी बांधायची कडी तुळईला होतीच.

फक्त मधल्या खोलीत एक वास होता, आषाढात घरात वाळत घातलेल्या कपड्यांना येतो तसा. आणि जुन्या पलंगाशेजारी फरशीवर मैद्यासारखी बारीक पूड पडली होती. काकी सहज म्हणाल्या, "भुंगो तो. पोरण्या घरांत आसताच." लाकूड पोखरणारा भुंगा, जुन्या घरांत असतोच.

मी फोंड्याला शाळेत शिकवते. घरबांधणीतलं मला काही कळत नाही. म्हणून आधी केलं ते सगळे करतात तेच: एका पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं. दोन मुलगे आले, वीस मिनिटं फिरले, माळ्यावर चढले नाहीत आणि अडतीस हजारांचं कोटेशन देऊन गेले. भिंतीच्या कडेनं फूट-फूट अंतरावर भोकं पाडून औषध भरणार, लाकडाला फवारा मारणार, वर पाच वर्षांची गॅरंटी. गॅरंटीचा कागद मी घरी नेऊन वाचला (वह्या तपासायची सवय). तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात होतं: ओल असलेल्या भिंतींना व त्यांना लागून असलेल्या लाकडाला गॅरंटी लागू नाही. आणि गॅरंटी म्हणजे तरी काय, तर पुन्हा फुकट फवारणी. खाल्लेल्या लाकडाचे पैसे नाहीत. सावईवेऱ्याला कुळागराच्या कडेचं घर, आणि ओल असेल तर गॅरंटी नाही! मग उरलं काय?

तेव्हा शाळेतल्या एका सहकाऱ्यानं या जोडीचं नाव सुचवलं. एक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले सिव्हिल इंजिनिअर आणि त्यांच्याबरोबर सत्तरीच्या घरातले एक सुतार मेस्त्री. दोघं मिळून जुनी घरं तपासून देतात, दुरुस्तीची कामं घेत नाहीत. ही अट मला सगळ्यात आवडली. ज्याला काम मिळवायचं नाही तो दुखणं वाढवून सांगत नाही. फी साडेसहा हजार, फोंडा तालुक्याबाहेर पेट्रोल वेगळं.

ठरल्या वेळेपेक्षा दीड तास उशिरा आले, आणि शिडी आणली नव्हती. शिडी काकींकडून मागून घ्यावी लागली. मनात म्हटलं, गेले साडेसहा हजार.

पण पुढचे चार तास मी त्यांच्या मागे मागे फिरत होते आणि खरं सांगायचं तर घर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. इंजिनिअर आत यायच्या आधी घराला बाहेरून दोन फेऱ्या घालून आले. मी पलंगाजवळची पूड दाखवायला उतावीळ. मेस्त्री हसले. "बाई, पयलीं उदक पळयात, किडो मागीर." आधी पाणी बघा, किडा नंतर.

त्या एका वाक्यात त्यांची सगळी तपासणी आली. मागच्या अंगणात उभं राहून इंजिनिअरनी विचारलं, "जोतं कुठंय?" मागच्या बाजूला जोतं दिसतच नव्हतं. वर्षानुवर्षं कुळागरातून उपसलेली माती तिथं पडत गेली, त्यावर कुणीतरी सिमेंटचा कोबा केला, आणि अंगणच जोत्याच्या वर चढलं. पावसात पागोळ्या त्या कोब्यावर आपटतात, उसळून भिंतीवर येतात, आणि खाली मुरलेलं पाणी भिंतीच्या जांभ्या चिऱ्यातून वर चढतं. चिरा म्हणजे स्पंजच. पूर्वी भिंत मातीत रचून वर चुन्याचा गिलावा असे. पाणी चढलं तरी चुन्यातून बाहेर उडून जायचं. पंधराएक वर्षांपूर्वी मालकांनी ओल दिसते म्हणून आतून चार फूट उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा केला. ओलीला बाहेर पडायला वाट राहिली नाही, म्हणून ती सिमेंटच्या वर चढली आणि पाचव्या फुटावर पोपडे सुटले. डिस्टेंपरखाली बोट फिरवलं तर रवाळ लागत होतं. लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेलं मीठ.

त्यांच्याजवळ दोन सुयांचं ओल मोजायचं यंत्र होतं. भिंतीला टोचल्यावर आकडा भलताच वर गेला. मी घाबरले तर इंजिनिअर म्हणाले, भिंतीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, लोणा धरलेल्या भिंतीत क्षार असतात आणि क्षारांमुळे यंत्र फसतं. लाकडात मात्र ते बऱ्यापैकी खरं बोलतं. मग त्यांनी प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून लावला आणि काकींना दोन दिवसांनी बघायला सांगितलं. दव प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला धरलं तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीकडच्या बाजूला धरलं तर हवेतलं. दोन दिवसांनी काकींनी फोन केला: भितल्या वटेन. भिंतीकडून. आणि हे एप्रिलमध्ये!

माळ्यावर मेस्त्री एकटेच चढले, म्हणून मीही पदर खोचून मागोमाग गेले. कौलांवर बासेल मिशनचा छाप आणि १८६५ हा आकडा. खालून ह्यांनी ओरडून विचारलं, म्हणजे कौलं दीडशे वर्षांची का हो? मेस्त्री म्हणाले, ते मंगळूरच्या कारखान्याचं जन्मसाल, कौलाचं नव्हे. ह्यांचा चेहरा पडला असणार, मला दिसला नाही.

स्वयंपाकघरावरचे वासे काजळीनं काळेकुट्ट होते आणि एकालाही भोक नव्हतं. ऐंशी वर्षं चुलीचा धूर खाल्लेले. मधल्या खोलीवर मात्र कुणीतरी प्लायवूडचं सीलिंग ठोकलं होतं. वर वारा नाही, उजेड नाही आणि एक फुटकं कौल. तिथं रिपांना (कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांना) टाचणीच्या डोक्याएवढी भोकंच भोकं. पण मेस्त्री घाबरले नाहीत. वाशांचा गाभा सागवान, तो किडा सहसा खात नाही. खाल्लंय ते कडेचं पांढरं लाकूड. एका वाशावर त्यांनी पटाशीनं कडा तासून दाखवली: अर्धा इंच भुसा आणि त्याखाली पिवळसर, तेलकट, अख्खं लाकूड. रिपा मात्र मिळेल त्या लाकडाच्या, त्या सगळ्या बदला म्हणाले.

मग ते तुळईच्या टोकाशी आले, जिथं ती मागच्या भिंतीत शिरते. पटाशी टेकवली आणि नुसती दाबली. हातोडी नाही, काही नाही. भिजवलेल्या पोह्यांत बोट जावं तशी ती पेरभर आत गेली. बाहेर काढली तर टोकाला तपकिरी ओलसर लगदा, आणि त्याच वासाचा भपका. खोलीत येत होता तो वास हाच. यंत्र लावलं: सव्वीस टक्के. वीसच्या वर लाकूड राहिलं की बुरशी धरते, असं इंजिनिअर खालून सांगत होते. मधोमध हातोडी मारली तर ठण्ण वाजली. पावणेदोन फूट सोडून बाकी तुळई निरोगी. किड्यानं नव्हे, पाण्यानं खाल्लेली. फवाऱ्यानं तिचं काय होणार होतं?

भोकं जुनी की चालू, हे ओळखायची त्यांची रीत अगदी शाळकरी आहे. भोकांची पूड ब्रशनं झाडायची, खडूनं गोल करून तारीख लिहायची, खाली काळा कागद पसरायचा आणि विसरून जायचं. नवी पूड पडली तर किडा जिवंत. फोंड्याहून मीच काळा कार्डपेपर नेऊन दिला.

आणि मग ते म्हणाले, घर घ्यायचंच असेल तर थांबा, जुलैत पुन्हा बघू. मालक मेपर्यंत इसार मागत होते. आम्ही थांबलो. वकिलाचं काम तोवर चाललंच होतं: एक-चौदाचा म्हणजे जमिनीचा उतारा, मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा) कुणी आहे का, मालकांच्या बायकोची सही. ती कथा वेगळी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोघं पुन्हा आले, फक्त पेट्रोलचे पाचशे घेऊन. बाहेर मुसळधार, आणि मागच्या भिंतीला आतून जमिनीपासून साडेपाच फुटांवर एक सरळ काळी रेघ, कुणी पट्टीनं आखल्यासारखी. काळ्या कागदांपैकी दोनांवर पूड, सहा स्वच्छ.

रिपोर्ट अकरा दिवस उशिरा आला. हातानं लिहिलेला, अक्षर डॉक्टरी, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो अर्धे आडवे. पण त्यात काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही हे जास्त होतं, आणि तेच कामी आलं. भिंतीला वॉटरप्रूफिंगचा रंग लावायचा नाही. आधी कोबा फोडून मागचं अंगण फूटभर खाली घ्यायचं, चर काढून पाणी कुळागराकडे वळवायचं, वळचणीला पन्हळ बसवायची. सिमेंट खरवडून भिंत उघडी ठेवायची. इंचभर जाडीला एक महिना असा वाळण्याचा जुना हिशेब आहे, तेव्हा घाई नको. मग चुन्याचा गिलावा. तुळईचं कुजलेलं टोक कापून सागवानी जोड, सीलिंग काढून टाकायचं. औषध फक्त त्या दोन जागांना, ब्रशनं.

हा रिपोर्ट मालकांना दाखवल्यावर घर सत्तावन्नला मिळालं. दुरुस्तीला तीन लाख सत्तर हजार गेले, त्यातला मोठा भाग छपराला.

आता त्यांची चूक. देवखोलीच्या दाराची चौकट त्यांनी पास केली होती. ऑइल पेंटचे चार-पाच थर असलेली, वरून गुळगुळीत. चवथीच्या साफसफाईत बिजागरी खिळ्यांसकट हातात आली आणि आतून चमचाभर खसखस सांडली. खसखसच वाटली, सासूबाईंनी तर वासही घेऊन बघितला. कोरड्या लाकडात राहणाऱ्या वाळवीची विष्ठा ती. तिला भिंतीतली ओल लागत नाही, मातीची वाट लागत नाही, म्हणजे 'आधी पाणी बघा' हा मेस्त्रींचा मंत्र इथं चालला नाही. रंगावरून हातोडी मारून बघितली असती तर पोकळ आवाज आला असता. फोन केला तेव्हा मेस्त्री दुसऱ्या दिवशी आले, चौकटीसमोर बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हजीच चूक, बाई." फणसाची नवी चौकट करून दिली, मजुरी घेतली नाही, लाकडाचे पैसे आम्ही दिले.

वायरिंग, सेप्टिक टाकी, विहिरीचं पाणी हे ते बघत नाहीत, त्याला दुसरं कुणी शोधा. मी पाचांपैकी चार देईन. एक गुण चौकटीचा कापला, अक्षराचा कापत नाही. त्यांना नावानिशी जाहिरात नको आहे, पण फोंड्याच्या बाजारात जुन्या हार्डवेअरच्या दुकानात विचारलंत तर कुणीही सांगेल. फोन सकाळी सातच्या आत करा. नंतर ते कुणाच्या तरी माळ्यावर असतात आणि तिथं रेंज नसते. आणि शिडी तुमची.