लाईट-पाण्यासकट भाडं 8,500 : माझे 45,623 रुपये असे गेले

तालुक्याच्या गावी बदली झालेल्या आणि घर शोधणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितेय.

अशा गावात भाड्याची घरं मोजकी, त्यातली निम्मी एकट्या बाईला द्यायला कोणी तयार नसतं. एजंटने दोन खोल्या दाखवल्या. भाडं 8,500, लाईट-पाणी त्यातच. तेवढ्याच खोल्या आजूबाजूला 6,500 ला जात होत्या. वरचे 2,000 गेले तरी दर महिन्याची बिलाची कटकट नको, हा हिशेब माझ्या जागी कुणीही केला असता. डिपॉझिट 40,000, एजंटला एक भाडं वेगळं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. तीन बिऱ्हाडं, मीटर एकच. वरचे पैसे मालक तिघांकडून दरमहा घेत होते आणि बिल भरतच नव्हते.

मीटरची पेटी जिन्याखाली होती. तिच्या जाळीत बिलांची चळत खोचलेली, मागची धुळीने तपकिरी झालेली, पुढची दोन-तीन कोरी. घर बघायला गेले तेव्हा मी त्यातलं एक ओढून बघितलंसुद्धा! नाव वाचलं. मालकांच्या वडिलांचं आहे, ते वारले, असं एजंट म्हणाला. म्हटलं असेल, मीटरवरचं नाव लगेच बदलून कोण घेतं. आणि बिल होतं तसं परत खोचलं. त्याच कागदावर, नावापासून चार बोटं खाली, थकबाकीचा आकडा छापलेला होता. मी कर्ज विभागात काम करते हो. दिवसभर लोकांच्या कागदांवर तेवढंच तर शोधते! पण मालक पाठीशी उभे राहून "ताई, पाण्याची काही चिंताच नाही" म्हणत असताना त्यांची बिलं चाळत बसणं कुणाला जमतं? मला तरी ते बरं दिसलं नाही. (तुम्ही मात्र बेधडक चाळा. मालक चिडले तर घरच घेऊ नका.)

ऐन उन्हाळ्यात वायरमन येऊन लाईट कापून गेला. थकबाकी 31,869. मालकांचा फोन बंद. कापण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती दिली होती म्हणे, मालकांच्या मोबाईलवर. तिन्ही बिऱ्हाडांनी 10,623 प्रत्येकी भरले तेव्हा पंखे फिरले. "भाड्यात वळते करतो," असं मालक नंतर म्हणाले. केले नाहीत. घर सोडताना 40,000 पैकी हातावर 5,000 ठेवले. रंगाचे 9,000 कापले आणि "जादा वीजवापराचे" 26,000! करारात बोट ठेवून दाखवलं : 'इतर आकार भाडेकरूने भरावेत.' नोटरीकडच्या तयार मसुद्यातली ओळ. लाईट-पाणी भाड्यात असल्याचा उल्लेख अख्ख्या कागदात नाही. तोंडी ठरलेलं सगळं लिहून घ्या, टायपिस्ट कितीही घाई करू दे.

आता सरकारी पाहुणचार. वीज कार्यालयात विचारतात, ग्राहक कोण? म्हटलं, वारले. "मग वारसाला पाठवा, तुमची तक्रार घेता येत नाही." वारस फोन उचलत नाही म्हणून तर मी तुमच्या दारात आलेय ना! पैसे घेताना मात्र माझं नाव कोणी विचारलं नाही. पोलीस ठाण्यात, "मॅडम, हे दिवाणी आहे, कोर्टात जा. लाईट मालकाने कुठे कापली, बोर्डाने कापली." कायदा उलटं सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 29 : मालकाच्या चुकीमुळे दुसऱ्या यंत्रणेने पुरवठा तोडला, तरी तो मालकानेच रोखला असं धरतात. आमचा करार नुसता नोटरीकडचा, म्हणून त्याच कायद्याच्या कलम 55 ची प्रिंटही नेली होती. करार रजिस्टर करणं मालकाची जबाबदारी; केला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड. साहेबांनी प्रिंट उलटी करून मागची कोरी बाजू बघितली आणि परत दिली. नगरपालिकेत पाण्याचं विचारायला गेले तर तिथेही थकबाकी, तिथेही "मालकाला पाठवा". मालक यांच्या गावचेच, रोज चहाला भेटणारे, उपरी मीच.

बिलावरचा ग्राहक क्रमांक टिपून घ्या, बिल मोबाईलवर कुणालाही बघता येतं. त्याला दोन मिनिटं लागतात, हे मला 10,623 भरताना कळलं. नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे, कोणी कितीही सांगो.

वकिलांनी नोटिशीचे 3,000 सांगितलेत, देणार आहे. एक प्रत एजंटलाही जाईल. 'लाईट-पाणी सगळं त्यातच' हा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज माझ्याकडे अजून आहे, आणि त्याने तो डिलीट करायच्या आत मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.