गच्चीवरच्या बादल्यांतले टमाटे, आठ महिन्यांचा अनुभव (लातूर)

पोळ्याच्या आसपास बी टाकलं होतं, आता अक्षय तृतीया झाली. गच्चीवर चार प्रकारचे टमाटे, मिळून अकरा झाडं. बऱ्याच जणी विचारायल्यात की कुंडीत कोणता टमाटा लावू, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी ज्याने फसवलं ते सांगते. ऑनलाइन एक पाकीट मागवलं होतं, वर लिहिलेलं ‘कुंडीसाठी बुटकी जात’ आणि फोटो बघूनच जीव जडला माझा. ती दोन झाडं डिसेंबरपर्यंत माझ्या डोक्याच्या वर गेली, बगलफूट काढून काढून बोटं हिरवी झाली आणि दोन्हीला मिळून सहा टमाटे. जात वेली आहे की झुडुपी हे दीड-दोन महिन्यांशिवाय दिसत नाही आणि तोवर पाकीट परत घ्यायची मुदत कधीच संपलेली असते. पाकिटावर मर्यादित वाढ (म्हणजे झुडुपी) की अमर्यादित वाढ (म्हणजे वेली) हे लिहिलेलं नसेल तर फोटो कितीही सुंदर असू द्या, घेऊ नका.

आता अर्का रक्षक. ही बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची हायब्रीड, चुरडा-मुरडा (पानं वळवणारा विषाणू), जिवाणूजन्य मर आणि करपा या तिन्हीपुढे टिकणारी. वाढ मध्यम, म्हणून २० लिटरच्या रंगाच्या बादलीत नीट बसते. ऑक्टोबरात पाऊस उघडला आणि चुरडा-मुरडा पसरवणारी पांढरी माशी अशी आली की झाड हलवलं की पीठ उडाल्यासारखं व्हायचं. शेजारच्या पुसा रुबी या दुसऱ्या जातीच्या एका झाडाचे शेंडे द्रोणासारखे वर वळले, वाढ थांबली, शेवटी उपटून टाकलं. एक फुटावर रक्षक उभं होतं, त्याला काहीच नाही! शेतात या जातीच्या एका झाडाला १८-१९ किलो निघाल्याच्या बातम्या आल्या होत्या, बादलीत तसं होत नाही बरं का. माझ्या चार झाडांचे सगळे तोडे मिळून १३ किलो भरले, मला ते भरपूर वाटले. टमाटा जाड सालीचा, टोपलीत दोन आठवडे सहज राहतो. पण आंबटपणा कमी, साराला मजा येत नाही.

सारासाठी पुसा रुबीच. दिल्लीच्या पुसा संस्थेची जुनी जात, टमाटा जरासा चपटा, हलक्या फाकी असलेला, पिकताना देठाजवळ पिवळा राहतो. येळवशीला (मार्गशीर्ष अमावास्येला) शेतात जाताना पहिले पिकलेले चार नेले होते, सासूबाईंनी एक फोडून मीठ लावून खाल्लं आणि म्हणाल्या, “ही आमच्या लहानपणीची भेदरं हायत की गं.” भेदरं म्हणजे आमच्याकडं टमाटे. हायब्रीड नसल्यामुळे याचं बी धरता येतं. चांगला पिकलेला टमाटा पिळून गर दोन-तीन दिवस ग्लासात ठेवायचा, वर फेस आला की धुवून सावलीत वाळवायचं.

रुबीच्याच टमाट्यांना जानेवारीत बुडाशी काळे चट्टे पडले. मी अंड्याची टरफलं कुटून घातली, काही फरक नाही. टमाट्याला कॅल्शियम पाण्यासोबत जातं आणि पाणीच कधी भरपूर कधी काही नाही असं झालं की ते फळापर्यंत पोचत नाही. आम्ही लग्नाला पाच दिवस गावाला गेलो होतो, त्यातच झालं ते. मग बादलीत वरून सोयाबीनचा भुसा चार बोटं घातला, रोज सकाळी मोजून दोन लिटर पाणी, पुढचा घोस स्वच्छ आला.

मातीचं पण सांगते. मागच्या वर्षी नुसती काळी माती भरली होती. वाळली की ती कडेपासून सुटते, बादलीच्या आतून बोटभर भेग पडते, पाणी त्या भेगेतून सरळ खाली आणि झाड तहानलेलंच. यंदा काळी माती, कुजलेलं शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समान भागात आणि मूठभर लिंबोळी पेंड. आधाराला तुराट्या, लातुरात त्याला काय तोटा.

मार्चच्या मध्यानंतर ऊन ३५ च्या वर गेलं की फुलाच्या देठावरची गाठ पिवळी पडते आणि बोट लावलं की फूल हातात येतं. हिरवी नेट लावली, पानं टवटवीत राहिली पण सेटिंग (फळ धरणं) होईना. फक्त चेरी टमाटा एप्रिलपर्यंत धरत राहिला. तो मात्र वेल आहे, बादलीत नका लावू, मी ड्रम अर्धा कापून त्यात दोन लावलेत आणि पोरं येताजाता तोडून खातात त्यामुळे वजन केलंच नाही.

उन्हाळ्यात एका झाडाला चार लिटर पाणी लागायलंय. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना एवढं पाणी टमाट्याला घालवत नाही, म्हणून बाकीची झाडं काढली, फक्त चेरी ठेवलाय, तो पण भाज्या धुतलेल्या पाण्यावर.

येत्या पोळ्याला रक्षक सहा, रुबी चार लावणार. रुबीचं बी डबीत भरपूर आहे, लातुरातल्या कुणाला पाहिजे असेल तर आधी सांगा, पुडी बांधून ठेवते.