ग्लुकोमीटर की सेन्सर : गोव्यातल्या मधुमेह्याने काय घ्यावे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मधुमेहाच्या प्रमाणात गोवा देशात पहिला निघाला. देशाची सरासरी ११.४ टक्के आणि आपली २६.४. चार प्रौढांच्या पंगतीत एक पान मधुमेह्याचे, असा त्याचा साधा अर्थ. साहजिकच फार्मसीत उभे राहून ‘मीटर घेऊ की तो दंडाला लावायचा सेन्सर घेऊ’ असे विचारणारी माणसे आता मडगावपासून पेडण्यापर्यंत सगळीकडे भेटतात. आमच्या घरी वडिलांसाठी ही दोन्ही साधने वापरून झाली आहेत. दोन्ही चांगलीच आहेत. पण कोणत्या माणसाला कोणते, हे ठरवताना जाहिरातीपेक्षा त्या माणसाच्या गोळ्यांची चिठ्ठी अधिक उपयोगी पडते.

ग्लुकोमीटर बोटाच्या टोकाचे रक्त घेऊन त्या क्षणाची साखर सांगतो. सेन्सर रक्ताला हात लावत नाही. त्याचा केसासारखा बारीक तंतू त्वचेखालच्या पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो आणि दोन आठवडे रात्रंदिवस मोजत राहतो. रक्तातला बदल या द्रवात उतरायला पाच ते पंधरा मिनिटे लागतात, त्यामुळे साखर वेगाने चढत किंवा उतरत असताना सेन्सरचा आकडा थोडा मागे असतो. यांपैकी काहीही घेतले तरी एचबीएवनसीची तपासणी सुटत नाही, कारण मागच्या दोन-तीन महिन्यांचा गोळाबेरीज हिशेब तीच देते. मात्र ज्यांना रक्तक्षय आहे, त्यांच्या बाबतीत तो आकडा फसवा निघू शकतो, आणि अशा वेळी घरच्या नोंदींचे मोल वाढते.

ग्लुकोमीटरबद्दल लोकांची तक्रार असते की तो ‘काहीही दाखवतो’. बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसतो. एका मे महिन्यात वडिलांचा दुपारचा आकडा २९० आला आणि घरात धावपळ उडाली. जरा चौकशी केल्यावर कळले की दहा मिनिटांपूर्वी त्यांनीच सगळ्यांसाठी मानकुराद आंबे कापले होते. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा टोचले तेव्हा १६४ आला. फळाचा रस बोटावर राहिला की आकडा फुगतो आणि नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने तो रस पुरता निघत नाही. पाणी आणि साबणच हवा. दुसरा घोळ पावसाळ्यातला. पट्ट्यांची डबी उघडी राहिली की आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत पट्ट्या खराब होतात, म्हणून पट्टी काढल्याबरोबर झाकण लावावे. डबी फ्रीजमध्ये तर ठेवूच नये, कारण बाहेर काढताच तिच्यात ओल धरते. इतके सांभाळूनही थोडा फरक राहतोच : आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० मिलिग्रॅमच्या वरच्या मोजमापांत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. त्यामुळे १५० आणि १६२ यांवरून घरात वाद घालण्यात अर्थ नाही.

खरा प्रश्न असतो तो टोचायचे केव्हा हा. इन्सुलिन न घेणाऱ्या ४५० मधुमेह्यांवर अमेरिकेत झालेला मॉनिटर नावाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज एकदा घरी साखर मोजणाऱ्यांच्या आणि अजिबात न मोजणाऱ्यांच्या एचबीएवनसीमध्ये वर्षभरानंतर लक्षणीय फरक आढळला नाही. यावरून मीटर फेकून द्यावा असे मी म्हणणार नाही. रोज सकाळी उपाशीपोटी टोचून आकडा कॅलेंडरवर लिहायचा आणि त्यावर काहीच करायचे नाही, ही आपल्याकडची रूढ पद्धत मात्र निरुपयोगी आहे, असा त्याचा अर्थ मी घेतो. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा, अशी जोडी घेतली तर एका जेवणाने काय केले ते दिसते. आठवड्यात अशा दोन जोड्या पुरतात : एकदा शीत-हुमणाच्या, म्हणजे भात आणि माशांच्या कालवणाच्या दुपारी, एकदा पदेराच्या पोयीच्या, म्हणजे पाववाल्याच्या पावाच्या सकाळी. जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत, हे बहुतेक प्रौढांसाठीचे सर्वसाधारण लक्ष्य असले, तरी वयस्क माणसासाठी डॉक्टर ते सैल करतात.

सेन्सर ही जोडी न टोचता देतो आणि मधले सगळे दाखवतो, हे त्याचे खरे बळ. वडिलांच्या दंडावर तो लावला तेव्हा पहिल्याच दिवशी दिसले की उकड्या तांदळाची पेज, जिला आम्ही आजाऱ्याचे पथ्य समजत होतो, तीच त्यांचा आलेख तासाभरात २१० च्या वर नेत होती. आणि तोच उकडा तांदूळ मोकळ्या शिताच्या रूपात, तळलेला बांगडा आणि वालीची भाजी यांच्या सोबतीने, दीडशेच्या आसपास ठेवत होता. तांदूळ एकच; पण मऊ, पातळ होईपर्यंत शिजवल्याने आणि बरोबर प्रथिने, भाजी काही नसल्याने साखर भराभर रक्तात उतरते. हा एका देहाचा आलेख आहे, तुमचा वेगळा येऊ शकेल. तरी हे मीटरने आम्हाला कधीच सापडले नसते, कारण पेजेनंतर तासाभराने कोणी टोचतच नव्हते.

आता त्याच्या खोडी. झोपेत त्या हातावर कूस आली की तंतूवर दाब पडून आकडा खोटाच घसरतो. पहाटे तीनला गजर वाजून सगळे घर जागे झाले आणि बोटाच्या रक्ताने ११८ सांगितले, असे आमच्याकडे दोनदा घडले. एप्रिल-मेच्या घामाने चिकटपट्टी सुटू लागते. आमचा एक सेन्सर नवव्या दिवशी बनियनबरोबर निघून आला आणि उरलेल्या दिवसांचे पैसे गेले. काही सेन्सरांत क जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेच्या गोळ्यांनी आकडा चढा येतो, तेव्हा माहितीपत्रक वाचावेच. सेन्सर घेतला तरी जुना मीटर कपाटात हवा. घाम, थरथर, छातीत धडधड असताना, किंवा साखर ७० च्या खाली गेली म्हणून ग्लुकोज घेतल्यावर पंधरा मिनिटांनी ती वर आली का हे पाहताना, बोटाचे रक्तच विश्वासाचे.

पैशांचा हिशेब उघड आहे. एक पट्टी साधारण वीस रुपयांच्या आसपास पडते. आठवड्याच्या दोन जोड्या म्हणजे चार पट्ट्या, म्हणजे महिन्याला साडेतीनशे रुपये. दोन आठवड्यांच्या सेन्सरला साधारण चार ते पाच हजार पडतात. वर्षभर लावला तर लाखाचा आकडा ओलांडतो. गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना मुख्यत्वे इस्पितळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, तेव्हा हा रोजचा खर्च तिच्यातून निघेल अशी आशा धरू नये.

म्हणून माझे मत असे. फक्त मेटफॉर्मिनसारख्या गोळ्यांवर असलेल्या, साखर आटोक्यात असलेल्या माणसाने मीटर घ्यावा, आणि परवडत असेल तर वर्षातून एखाददुसरा पंधरवडा सेन्सर लावावा. तो शक्यतो साध्या दिवसांत, चवथीच्या नेवऱ्या-पातोळ्यांत नव्हे, कारण शिकायचे असते ते रोजच्या ताटाबद्दल. ग्लिमेपिराइडसारखी, साखर खाली ओढणारी गोळी असेल तर सेन्सरकडे थोडे अधिक झुकावे, विशेषतः संध्याकाळी घोट घेणाऱ्यांनी. काजूच्या मोसमात उर्राक किंवा एरवी फेणी पोटात गेली की यकृत ती निपटण्यात गुंतते, नवी साखर रक्तात सोडत नाही आणि घसरण कित्येक तासांनी, झोपेत येते. त्या वेळी मीटर उशाशी पडलेला असतो. गजर फक्त सेन्सर देतो.

आणि इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी तर तराजू पुरताच कलतो. दिवसातून एकदा किंवा दोनदा दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन घेणाऱ्या, दुसऱ्या प्रकारच्या १७५ मधुमेह्यांवरचा मोबाइल हा अभ्यास २०२१ मध्ये आला. आठ महिन्यांत सेन्सरवाल्यांचे एचबीएवनसी ९.१ वरून ८.० वर आले आणि बोट टोचणाऱ्यांचे ९.० वरून ८.४ वर. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले मूल घरात असेल, किंवा साखर उतरल्याची चाहूलच लागत नाही असे कोणी असेल, तर इतर कुठला खर्च कापून सेन्सर घ्यावा, असेच मी सांगेन.

एक गोष्ट खोक्यावर लिहिलेली नसते. सेन्सरचा आलेख दुसऱ्याच्या फोनवरही दिसू शकतो, आणि आपल्याकडे दर दुसऱ्या घरातला मुलगा आखातात किंवा जहाजावर. माझा भाऊ कुवेतहून वडिलांची साखर पाहायचा. रात्री ५८ चा गजर त्याने ऐकला आणि त्याच्या फोनमुळे आम्ही उठलो, ती एक रात्र सगळा खर्च वसूल करून गेली. पण पुढे दुपारी आलेख जरा चढला की ‘बाबा, आता काय खाल्लंत?’ असा फोन यायचा. वडिलांनी बाराव्या दिवशी तो आलेख पाहण्याची परवानगीच बंद करवून घेतली. आता गजर तेवढा जातो, तोही फक्त ७० च्या खालचा.