नऊ महिने टायर इन्फ्लेटर वापरल्यावर: मशीन चांगलं, पण नळीच्या तोंडाने पाच महिने चकवलं

परवा सकाळी गाडी हलवायच्या आधी मागच्या डाव्या टायरला पेन गेज (हवेचा दाब मोजायचं पेनासारखं साधन) लावला, ३२.५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) आलं. सात आठवड्यांपूर्वी ३३ भरून सोडलं होतं आणि मध्ये एकदाही हवा मारलेली नाही. ज्यांच्या टायरची हवा सतत उतरते त्यांना कळेल की हा आकडा बघून मला किती बरं वाटलं असेल. याच टायरला त्याआधी साडेसात महिने दर आठ-दहा दिवसांनी हवा भरत होतो. तेव्हाच ठरवलं की आता इन्फ्लेटरबद्दल, म्हणजे घरी टायरमध्ये हवा भरायच्या मशीनबद्दल, सविस्तर लिहायचं, कारण यात मशीनचा गुणही आहे आणि एक असा दोष आहे जो मला कुठल्याच रिव्ह्यूत वाचायला मिळाला नाही.

मशीन साधंच, १२ व्होल्टच्या सॉकेटला लावायचं, डिजिटल आकडा, ठरवलेल्या प्रेशरला आपोआप बंद होणारं. बॉक्सवरची माहिती सगळ्यांना माहितीच असते, ती परत लिहीत नाही. घ्यायचं कारण एकच, मागचा डावा टायर ३३ वरून दहा दिवसांत २७ वर यायचा. दर वेळी हवा भरायला गाडी बाहेर काढायची, रांगेत थांबायचं, तोपर्यंत टायर गरम झालेला असतो त्यामुळे आकडाही खरा नाही. टायर थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी हवी, किंवा जेमतेम दीड किलोमीटर चाललेली. घरी मशीन असेल तरच हे जमतं, आणि या एका मुद्द्यावर मशीनने मला कधीच निराश केलं नाही. २७ चे ३३ करायला दोन मिनिटं पुरतात, आवाज मोठा आहे पण तेवढ्यापुरता. वायर मागच्या चाकापर्यंत आरामात पोचते. भरताना इंजिन चालू ठेवतो आणि दोन चाकं झाली की मशीनला दहा मिनिटं विश्रांती देतो, सलग चालवलं तर ते तापतं. सॉकेटचा फ्यूज एकदा उडाला, तेव्हापासून मशीनचे अँपिअर आणि सॉकेटच्या फ्यूजचे अँपिअर आधी बघून घ्या असं मी प्रत्येकाला सांगतो.

आता नळीचं तोंड. हे पितळेचं, आट्यांचं आहे, व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचं आणि काढताना परत उलटं फिरवायचं. चार-पाच फेरे. शेवटच्या दोन फेऱ्यांत आट्या सुटत आलेल्या असतात पण आतली दांडी व्हॉल्व्हची पिन अजून दाबून धरलेली असते, आणि तेवढा वेळ फुस्स करून हवा जाते. तिसऱ्या-चौथ्या चाकापर्यंत पितळ इतकं तापलेलं असतं की उघड्या बोटांनी भराभर फिरवता येत नाही, फडकं धरलं तर ते घसरतं, म्हणजे जिथे घाई हवी तिथेच हात मंदावतो. सगळे म्हणतात की ती नळीतली हवा असते, टायरमधली नाही. मीही पाच महिने तेच धरून चाललो.

त्या पाच महिन्यांत दर रविवारी चारही चाकांना नळी लावायची, आकडा बघायचा आणि फोनमध्ये लिहून ठेवायचा असा नेम ठेवला होता. मागचा डावा तर उतरतच होता, पण बाकीचे तीनही महिन्याला दोन-अडीच पीएसआय कमी दाखवायला लागले. टायर चार वर्षांचे, म्हटलं रबरच म्हातारं झालं. टायरच्या दुकानात ही नोंद दाखवली तर त्यांनी लगेच चारही टायर बदला आणि नायट्रोजन भरा असं सांगितलं. चार टायर म्हणजे लहान खर्च नाही, आणि नक्षी अजून अर्ध्याच्या वर शिल्लक होती, साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, एक भेग नव्हती. अर्ध्यावर असलेले टायर फेकून द्यायला माझं मन तयार होईना.

म्हणून एका सकाळी एक प्रयोग केला. उजव्या पुढच्या टायरला साधा पेन गेज लावला, ३३. मग मशीनची नळी बसवली आणि काहीच न भरता काढली. असं पाच वेळा केलं. परत पेन गेज लावला, ३०! म्हणजे दर वेळी साधारण ०.६ पीएसआय जातंय. मग उलट बाजूने खात्री केली, ३० वर नुसता पेन गेज पाच वेळा लावून काढला, आकडा होता तिथेच. दुसऱ्या टायरवरही तोच प्रकार. आता हिशोब बघा, महिन्याचे चार रविवार गुणिले ०.६ म्हणजे जवळजवळ अडीच. माझे तीन टायर महिन्याला जेवढे उतरत होते बरोबर तेवढेच. टायर धडधाकट होते, मोजायला नळी लावून हवा मीच सोडत होतो! त्या दिवशी मशीनवर मनापासून चिडलो. आणि दुकानदारावर जास्त, कारण त्याने टायरला हात न लावता चारही बदलायला सांगितले होते.

तेव्हापासून मोजायला फक्त पेन गेज, मशीन फक्त भरायला. भरताना एक पीएसआय जास्त सेट करतो, नळी काढली की बरोबर बसतं. मशीनचा स्वतःचा आकडाही पेन गेजपेक्षा किंचित जास्त असतो, पण नेहमी तेवढाच, त्या एकात तोही धरला जातो, त्यामुळे त्याचा त्रास नाही. एकच गेज कायम वापरायचा, दोन गेजचे आकडे एकमेकांत मिसळायचे नाहीत.

पेन गेजने नोंद सुरू केल्यावर चित्र एकदम साफ झालं. तीन टायर महिन्याला अर्ध्या पीएसआयच्या आत. मागचा डावा एकटाच रोज साधारण अर्धा पीएसआय खातोय. चांगल्या टायरने किती हवा सोडावी याला एक आधारही आहे. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या वस्तू तपासणाऱ्या संस्थेने ३१ प्रकारचे टायर ३० पीएसआय भरून वर्षभर नुसते ठेवले होते, साध्या हवेवर वर्षात सरासरी ३.५ पीएसआय गेले आणि नायट्रोजनवर २.२. अख्ख्या वर्षात फरक १.३ पीएसआयचा, आणि साध्या हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन असतो. चांगल्या टायरला त्याची फारशी गरज नाही आणि जिथे फट आहे तिथून नायट्रोजनही निघूनच जाणार. त्यामुळे त्या वाटेला गेलोच नाही.

मध्ये थंडी वाढली तेव्हा एका आठवड्यात चारही टायर दोन-दोनने खाली आले आणि क्षणभर परत धस्स झालं. पण तापमान पाच-साडेपाच अंश उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो, आणि चारही एकदम सारखे उतरले तर ती थंडी असते. एकटा उतरला तर लीक. डॅशबोर्डवरच्या हवा कमी झाल्याच्या दिव्याच्या भरवशावर राहू नका हेही कळकळीने सांगतो. अमेरिकेच्या नियमात तो दिवा शिफारशीपेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर लागायला हवा अशी अट आहे, म्हणजे ३३ च्या टायरला जवळजवळ २५ येईपर्यंत तो गप्प बसू शकतो. माझ्या गाडीत सेन्सर टायरमध्ये नाहीत, एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) चाकाचा वेग मोजते त्यावरून अंदाज बांधतात, तिथे तर चारही चाकं सारखीच उतरली तर काहीच कळत नाही. २५ पीएसआयवर हायवेला गाडी पळवली तर टायर आतून तापतो, कडा झिजतात, पेट्रोल जास्त जातं ते वेगळंच. आणि ३३ हा आकडा माझ्या गाडीचा, तुमचा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर बघा, टायरवर छापलेला असतो तो कमाल आकडा.

आता मागच्या डाव्याची गोष्ट. पहिल्या दुकानात चाक टाकीत बुडवलं, एक गिरकी दिली, बुडबुडे नाहीत म्हणाले. व्हॉल्व्हची पिन बदलली आणि झालं म्हणून सांगितलं. दहा दिवसांनी परत २७. परत गेलो तर म्हणाले टायरच खराब आहे, नवीन घ्या. मी विचारलं, कुठून खराब ते दाखवा. दाखवता येत नव्हतं, आणि तरी आवाज त्यांचाच चढलेला. मी चाक घेऊन घरी आलो.

घरी स्टेपनी लावली, चाक जमिनीवर आडवं ठेवलं आणि ३३ ऐवजी ४० भरलं, माझ्या टायरची मर्यादा ५१ आहे त्यामुळे धोका नव्हता. फट बारीक असेल तर जास्त प्रेशरला ती बोलते. भांडी घासायचा लिक्विड साबण पाण्यात घट्टसर कालवून आधी व्हॉल्व्हवर टाकला, व्हॉल्व्हचा रबरी दांडा वाकवून मुळाशी टाकला, नक्षीवर सगळीकडे फिरवला. काही नाही. मग रिम आणि टायर जिथे भेटतात त्या खाचेत गोल फिरून साबणपाणी ओतलं. चाक आडवं असल्यामुळे पाणी त्या खाचेत कड्यासारखं थांबतं, वाहून जात नाही, उभ्या चाकावर हे जमतच नाही. दहा मिनिटं बघत बसलो. बाहेरच्या बाजूला काही नाही. चाक उलटलं, आतल्या बाजूला परत तेच केलं, आणि आठ-नऊ मिनिटांनी एका जागी, बोटाच्या पेरापेक्षा जास्त लांबी नाही, पांढरा फेस वर यायला लागला. मोठे बुडबुडे नाहीत, मोहरीपेक्षा बारीक, एकमेकांना चिकटून हळूहळू फुगणारा गोळा. टाकीत एक गिरकी दिल्यावर हे कोणाला दिसणार! खडूने रिम आणि टायर दोन्हीवर खूण केली आणि फोनवर व्हिडिओ घेतला.

दुसऱ्या दुकानात व्हिडिओ दाखवला, तिथल्या कारागिराने वाद न घालता टायर काढला. खुणेच्या जागी रिमचा रंग पापुद्र्यासारखा सुटला होता आणि खाली अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरली होती. टायरची कड म्हणजे बीड जिथे घट्ट बसायला हवी तिथेच हा खडबडीतपणा. त्याने तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने तो पट्टा पूर्ण गोल साफ केला, नुसती खुणेची जागा नाही, वरून बीड सीलर लावलं, व्हॉल्व्ह नवीन घातला आणि चाक बॅलन्स करून दिलं. टायर तोच. एका नव्या टायरच्या किमतीच्या अगदी छोट्या हिश्श्यात काम झालं. त्या माणसाचे मी तिथेच आभार मानले.

लीक बंद करायचं लिक्विड टाकू का असं दोघातिघांनी सुचवलं होतं, मी टाकलं नाही आणि बरं झालं. रस्त्यात अडकलात तर ठीक, पण ते आत पसरून बसतं, पुढे टायर काढणाऱ्याला सगळं पुसावं लागतं आणि आत सेन्सर असेल तर तो खराब होऊ शकतो. शिवाय गंज तिथेच राहतो.

हे लिहायला बसलो तेव्हा मशीनला पाचपैकी तीन देणार होतो. नोंद वाचता वाचता चारवर आलो, कारण घरी हवा भरायची सोय नसती तर ते साडेसात महिने मी टायर वाचवू शकलो नसतो, केव्हाच कंटाळून नवीन घेतला असता. एक गुण मात्र नळीच्या तोंडासाठी कापलेला आहे आणि तो परत देणार नाही. खटका दाबला की झटकन सुटणारं तोंड द्यायला कंपनीला असं किती जास्त पडलं असतं? घेणाऱ्यांनी आधी ते तोंड बघा, बाकी लाइट, बॅग, फुगे भरायच्या पिना वगैरे नंतर. आणि सोबत एक पेन गेज घ्याच.

आता मशीन महिन्यातून एकदाच बाहेर निघतं, तेही कधी कधी नुसतं स्टेपनीसाठी. या नळीच्या आट्यांवर बसणारं झटक्याचं तोंड सुटं मिळतं असं ऐकलंय. कोणी लावलं असेल तर काढताना किती हवा जाते ते पाच वेळा लावून-काढून मोजून सांगा, मगच घेईन.