जुन्या डिझेल व्हॅनमागे दोन टनांची कॅराव्हॅन : दीड वर्षाच्या वापरानंतर

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : कॅराव्हॅनचं, म्हणजे मागे जोडलेल्या चाकांवरच्या घराचं, एवढं धूड ही जुनी गाडी ओढते का? ओढते, आणि कुरकुर न करता ओढते. पण दीड वर्ष वापरल्यावर माझं ठाम मत झालंय की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी विचारायचं ते हे : उतारावर थांबते का, वाऱ्यात सरळ राहते का, आणि घाट चढून वर आल्यावर इंजिन किती तापलेलं असतं?

आमची गाडी म्हणजे फोक्सवॅगन टी५, २००७ सालची, लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली. पाच सिलिंडरचं २.५ लिटरचं टीडीआय (टर्बो डिझेल) इंजिन, १३० अश्वशक्ती, सहा गिअर, मॅन्युअल. घेतली तेव्हाच अडीच लाखांहून जास्त किलोमीटर धावलेली होती. मागची कॅराव्हॅन डबल ॲक्सलची, म्हणजे दोन धुऱ्यांची, कागदावर कमाल वजन २,००० किलो. आम्ही चौघं, आणि उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून आले की सहा. सहा माणसं बसवून दोन टन ओढणारी गाडी शोधायला लागलं की पर्याय भराभर कमी होतात. मोठ्या एसयूव्ही ओढतात छान, पण सहावा माणूस बसवायचा कुठे?

आम्ही जर्मनीत श्टुटगार्टच्या बाहेर राहतो, आणि या गाडीच्या बाबतीत ते ‘बाहेर’ महत्त्वाचं आहे. श्टुटगार्ट शहरात २०१९ पासून युरो ४ या प्रदूषण मानकाच्या आणि त्याखालच्या डिझेल गाड्यांना बंदी आहे. काचेवर कमी प्रदूषणाचा हिरवा स्टिकर असला तरी ही गाडी शहरात नेता येत नाही. शहरातल्या लोकांसाठी ही अडचण आहेच. आमचा शहराशी संबंध ट्रेनने जाण्यापुरता, त्यामुळे आमचं अडलं नाही. तुम्ही शहरात राहत असाल तर मात्र जुनी डिझेल घेण्याआधी तिथले नियम नीट वाचा. तिथेच विषय संपू शकतो.

लायसन्सचंही तसंच. कारच्या नेहमीच्या बी वर्गावर गाडी आणि ट्रेलर मिळून ३,५०० किलोपर्यंत, बी९६ हे जादा प्रशिक्षण केलं तर ४,२५० किलोपर्यंत. हे आकडे कागदावरच्या कमाल वजनांच्या बेरजेचे, प्रत्यक्ष भरलेल्या सामानाचे नव्हेत. आमची बेरीज ५,००० होते, म्हणून बीई हा जड ट्रेलरचा वर्ग घ्यावा लागला. त्याला लेखी परीक्षा नाही, फक्त गाडी चालवून दाखवायची. त्या शिकवणीचा पैसा मला अजिबात जड वाटला नाही, कारण ट्रेलर रिव्हर्स घ्यायला आणि जोडणी क्रमाने तपासायला तिथेच हात बसला.

आता ओढण्याबद्दल. या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३४० न्यूटन-मीटर, तोही मिनिटाला २,००० फेऱ्यांवर. त्यामुळे सिग्नलवरून निघताना क्लच फार घासावा लागत नाही. ए८ महामार्गावरून उल्मकडे जाताना श्वेबिश आल्ब डोंगराची लांब चढण लागते. तिथे आम्ही चौथ्या गिअरात ट्रकांच्या मागे शांतपणे चढतो. ट्रकांना ओलांडायचा मोह कधी होत नाही असं नाही, पण गरज नसते. जर्मनीत ट्रेलरसकट ८०ची मर्यादा, आणि अटी पूर्ण करून १००चा शिक्का मिळवला तर ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या महामार्गावर, १००. आमच्याकडे तो शिक्का आहे (ट्रेलरचे टायर सहा वर्षांच्या आतले हवेत, ही त्यातली एक अट), तरी आम्ही ९०च्या वर क्वचितच जातो. अडीच मीटर रुंदीची भिंत मागे असते. ८०वरून १००वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि तो सरळ टाकीतून वसूल होतो. एकटी गाडी शंभर किलोमीटरला साधारण ९ लिटर पिते, कॅराव्हॅन जोडली की १३ ते १४. शिवाय हा १००चा शिक्का फक्त जर्मनीपुरता. इटलीत ऑटोस्ट्राडावर ट्रेलरसकट ८०च.

उंची वाढेल तशी हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम कमी होतो. दर १,००० मीटरला सुमारे १० टक्के ताकद गेली असं धरून चाला. आल्प्समधल्या खिंडींपैकी फर्नपास साधारण १,२०० मीटर, ब्रेनर साधारण १,३७०. टर्बो असल्याने फरक सौम्य जाणवतो, पण जाणवतो. चढावर जास्त जपायचं ते तापमान. फोक्सवॅगनच्या या काळातल्या गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. पाण्याचं तापमान बऱ्याच मोठ्या टप्प्यात वरखाली झालं तरी काटा ९०वरून हलत नाही. रोजच्या वापरात ठीक, पण दोन टन घेऊन जुलैत डोंगर चढताना काटा हलेपर्यंत वाट बघणं म्हणजे उशीरच. मी ओबीडीच्या, म्हणजे गाडीचा संगणक तपासायच्या, खोबणीत छोटा रीडर लावला आणि खरा आकडा मोबाइलवर बघतो. या सगळ्या खटाटोपात सगळ्यात कमी खर्चाची आणि सगळ्यात उपयोगी वस्तू हीच. आकडा चढायला लागला की खालचा गिअर टाकायचा, फेऱ्या २,५००च्या आसपास ठेवायच्या आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करायचा. वरच्या गिअरात रेटत राहिलं तर इंजिन तापतं आणि क्लचजवळच्या, हादरे शोषणाऱ्या ड्युअल-मास फ्लायव्हीलचीही वाट लागते. वर पोहोचल्यावर लगेच इंजिन बंद करू नका, एक-दोन मिनिटं चालू राहू द्या. तापलेल्या टर्बोला तेल मिळत राहिलं पाहिजे.

आणि मग उतार. खरी परीक्षा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ब्रेनरवरून ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला उतरताना आपण सुमारे ८०० मीटर खाली येतो. गाडी, कॅराव्हॅन, माणसं आणि सामान मिळून साडेचार टन धरले तर एवढ्या उतरणीत जी ऊर्जा सुटते ती विजेच्या हिशेबात जवळजवळ १० युनिट भरते. त्यातली काही हवा खाते, काही इंजिन खातं. उरलेली सगळी ब्रेकच्या डिस्कमध्ये आणि ड्रममध्ये उष्णता होऊन जाते. कॅराव्हॅनचे ब्रेक आपल्या पेडलला जोडलेले नसतात. व्हॅन हळू झाली की मागची कॅराव्हॅन पुढे ढकलते, कपलिंगचा, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या भागाचा, दांडा आत दाबला जातो आणि त्या दाबानेच तिचे ब्रेक लागतात. सपाटीवर ही रचना सुंदर चालते. लांब उतारावर मात्र कॅराव्हॅन सतत ढकलत असते, म्हणजे तिचे ब्रेक सतत थोडे थोडे घासत राहतात.

म्हणून बोरघाटातल्या ट्रकवाल्यांची जुनी शिकवण इथे शब्दशः पाळतो : ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. उतार सुरू होण्याआधी वेग कमी, तिसरा गिअर, आणि इंजिनाला धरू द्यायचं. वेग वाढलाच तर ब्रेक थोडा वेळ पण ठामपणे दाबून पुरेसा खाली आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. हलका पाय ठेवून किलोमीटरच्या किलोमीटर उतरणं सगळ्यात वाईट. खाली आल्यावर पहिल्या थांब्यावर मी सगळ्या चाकांजवळ हात नेऊन बघतो, स्पर्श करत नाही. एखादं चाक इतरांपेक्षा जास्त भाजत असेल तर तिथला ब्रेक नीट सुटत नाहीये. जुनी गाडी घेतल्याघेतल्या ब्रेक ऑइल बदला, मागचा मालक काहीही म्हणो. ते हवेतली ओल शोषतं, ओल असलं की लवकर उकळतं, आणि उकळलं की पेडल खाली जाऊनही गाडी थांबत नाही.

सरळ राहण्याबद्दल. ही व्हॅन घेण्यामागचं माझं खरं कारण तिचं स्वतःचं वजन आणि लांबी. रिकामी २,१०० किलोच्या आसपास, पुढच्या-मागच्या चाकांत ३.४ मीटर अंतर. मागचा ट्रेलर डुलायला लागला तर पुढची गाडी जितकी जड आणि लांब, तितकी ती कमी खेचली जाते. इन्सब्रुकजवळचा युरोपाब्र्युके पूल दरीपासून सुमारे १९० मीटर उंच आहे आणि तिथे आडवा वारा असतो. व्हॅन तिथे हलते, पण आपली जागा सोडत नाही. मोठा ट्रक बाजूने गेला की आधी थोडं त्याच्याकडे ओढल्यासारखं होतं, मग बाहेर ढकलल्यासारखं. स्टिअरिंग घट्ट न आवळता स्थिर धरलं की ते निवतं. खरोखर डुलणं सुरू झालंच तर ॲक्सिलरेटर सोडायचा, ब्रेक लगेच आणि जोरात दाबायचा आणि स्टिअरिंगने प्रत्येक झोक्याला उत्तर द्यायला जायचं नाही. आमच्या कॅराव्हॅनला आल्को कंपनीचं घर्षणाचं कपलिंग आहे, जे व्हॅनमागच्या जोडणीच्या बॉलला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतं. त्याचा फरक पहिल्याच प्रवासात कळतो. मात्र बॉलवर ग्रीस अजिबात नको. जुन्या साध्या कपलिंगला ग्रीस लावायची सवय असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

सामान कसं भरता यावर निम्मा स्वभाव ठरतो. आमच्या टो-बारवर (व्हॅनमागचा ओढायचा दांडा) उभा भार, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाचं खाली दाबणारं वजन, जास्तीत जास्त १०० किलो चालतो. आम्ही ८५ ते ९५च्या मध्ये ठेवतो आणि निघताना दरवेळी मोजतो. भार फार कमी असेल तर ट्रेलर शेपूट हलवतो, फार जास्त असेल तर व्हॅनची पुढची चाकं हलकी होतात, आणि ही गाडी पुढच्याच चाकांनी ओढते. पुढच्या पेटीत ११ किलोचे दोन गॅस सिलिंडर, लोखंडासकट प्रत्येकी २० किलोच्या वर, म्हणजे तिथेच बरंच वजन झालं. आईचा कुकर, पोळपाट, तांदूळ आणि पिठाचे डबे हे सगळं धुऱ्यांच्या वर, अगदी जमिनीलगत. मागच्या टोकाला आणि वरच्या कपाटांत फक्त कपडे आणि उशा. आईला सुरुवातीला ही शिस्त पटली नव्हती (‘डबे हाताशी हवेत रे’), आता तीच बाबांची बॅग उचलून मधे ठेवते.

खर्चाचं स्पष्ट सांगतो. दीड वर्षात क्लच आणि फ्लायव्हील एकदम बदलले, चारही चाकांचे ब्रेक नवे केले, कॅराव्हॅनचे चारही टायर जुने झाले म्हणून काढले. एवढ्या धावलेल्या गाडीकडून हे धरूनच चाललो होतो. हे इंजिन घेणार असाल तर दोन गोष्टी बघा. याला टायमिंग बेल्ट नाही, गिअर आहेत, त्यामुळे तो एक खर्च वाचतो. पण कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) झीज हा या इंजिनाचा सर्वपरिचित दुबळा भाग आहे. वरचं झाकण काढून ती दाखवायला मालक तयार नसेल तर पुढे जाऊ नका. आणि कागदपत्रांत ओ.१ या रकान्यात ब्रेक असलेल्या ट्रेलरचं कमाल वजन लिहिलेलं असतं. विक्रेता तोंडी काय सांगतो ते सोडा, तो रकाना वाचा.

एकट्याने किंवा दोघांनी फिरणाऱ्यांना मी हे सुचवणार नाही. त्यांच्यासाठी व्हॅनमध्येच झोपायची सोय करणं स्वस्त आणि सोपं. स्वित्झर्लंडमार्गे वारंवार जाणाऱ्यांनीही विचार करावा, तिथे ट्रेलरला वेगळा विन्येट (महामार्गाचा टोल परवाना) लागतो. पण मुलं आहेत, वर्षातून एकदा आजी-आजोबा येतात, आणि इटलीतल्या गार्डा सरोवराच्या काठी सगळ्यांना एकत्र महिनाभर राहायचंय, अशांना ही जोडी उत्तम. पुढच्या हंगामाआधी मागच्या सस्पेन्शनला हवेच्या जादा स्प्रिंग बसवणार आहे, कारण सहा माणसं आणि ९० किलोचा उभा भार झाला की गाडीची पाठ जरा जास्तच बसते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.